वाटा आणि बोजा: गोव्यातल्या काही कायदेशीर शब्दांची पार्श्वभूमी

आमच्या घरातल्या जुन्या पेटाऱ्यात पणजोबांच्या मागे झालेल्या इन्व्हेंटारचे, म्हणजे वारशाची मोजदाद आणि वाटणी करणाऱ्या कारवाईचे, कागद आहेत. भाषा पोर्तुगीज, मजकूर दोन भागांत. पहिल्या भागात 'आतीव', म्हणजे मालमत्ता: घर, माडांचे भाट, खाजनातले शेत, तांब्याची भांडीसुद्धा. दुसऱ्यात 'पासीव', म्हणजे देणे: दुकानदाराची उधारी, हातउसने, थकलेला धारा. वाटणीची गोष्ट निघाली की आज सगळे पहिल्या भागाबद्दल बोलतात. गोव्यात 'वाटा' हा शब्द घडला तो मात्र दोन्ही भाग जमेस धरून, आणि तोही पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी.

गांवकरीपासून, म्हणजे गांवकारांनी (गावच्या मूळ घराण्यांनी) गावाची जमीन मिळून सांभाळण्याच्या व्यवस्थेपासून, सुरुवात करावी लागते. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गांवकरीचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. हाच तो 'फोराल'. त्यात तिसवाडीतल्या करमळी, आजोशी, नेवरा यांसारख्या आठ प्रमुख गावांचा मान नोंदला आहे. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था निर्माण केली नाही. ती चालत होती आणि महसूल हवा असेल तर ती मोडून चालणार नाही, एवढे त्यांनी ओळखले. गावाने राजाला ठरलेला 'फोर', म्हणजे सारा, द्यायचाच, पीक येवो वा बुडो. फोर, बांधबंदिस्ती आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवून जे उरेल ते गांवकारांत वाटायचे. हीच जोण. काही उरले नाही, उलट तूट आली, तर तीही गांवकारांनीच सोसायची. आज जोण म्हणजे वर्षाकाठी हातात पडणारी किरकोळ रक्कम असे आपण समजतो. जिच्यापायी गावाला रात्ररात्र जागावे लागे ती तूट आपल्या बोलण्यातून गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तूट म्हणजे काय, ते खाजनात उभे राहिले की कळते. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीच्या रेषेखालची ही जमीन मातीच्या बांधाने आणि मानशीच्या (भरती-ओहोटीचे पाणी अडवण्या-सोडण्याच्या जागेच्या) लाकडी दारांनी राखलेली. एका रात्री बांधाला भगदाड पडले, की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. ज्याच्या शेताशी बांध फुटला त्याच्याच नव्हे, पार आतल्या शेतातही. पुढची दोन-तीन वर्षे तिथे धड भात पिकत नाही. म्हणून बांधाच्या खर्चासाठी 'बोस' ही शेतकऱ्यांची मंडळी असायची आणि वर्गणी जमिनीच्या प्रमाणात बसायची. मोठ्या शेताला मोठा भार, कुणग्याला, म्हणजे लहानशा तुकड्याला, छोटा. मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव) व्हायची आणि ते पैसे बांधाकडे वळायचे. याला जुन्या मराठी दस्तांत नेमका शब्द आहे, हिस्सेरशीने. कोमुनिदादींच्या (गांवकरीचेच हे पोर्तुगीज नाव) पोर्तुगीज कायद्यात 'देर्रामा' येतो, तोही खर्च प्रमाणशीर वाटून बसवण्याचाच शब्द.

मोजमापही बोलके आहे. एका रुपीचे १६ तांगे होत आणि काही कोमुनिदादींत गावातल्या हक्काच्या हिश्शालाही तांगाच म्हणत. घाटावर रुपयाचे १६ आणे, आणि आणेवारी म्हणजे जमिनीतला हिस्सा. पीक किती आले, किती बुडाले तेही आणेवारीतच सांगायचे. घाटाच्या दोन्ही बाजूंना हिस्सा मोजायला नाण्याचीच भाषा कामी आली.

दुसरा धागा घरातल्या वाटणीचा. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून गोव्यात लागू झाली. १८८०च्या फर्मानाने हिंदूंच्या काही चालीरीती राखल्या, तरी मूळ चौकट सर्वांना एकच राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि प्रत्येकाचे त्यात अर्धे, हेच 'मेआसांव'. मुलांसाठी राखून ठेवलेला भाग तो 'लेजीतिमा'. मूळ संहितेत तो दोन-तृतीयांश होता, १९१०च्या फर्मानाने तो निम्म्यावर आला.

हिशेब करून पाहू. जोडप्याची मालमत्ता ६० लाखांची, सामाईक कर्ज १२ लाखांचे. आधी कर्ज वजा होते, उरतात ४८. त्यातले २४ विधवेचे स्वतःचे. ते तिला वारसा म्हणून मिळत नाहीत, ते आधीपासून तिचेच. उरलेल्या २४ पैकी १२ लाख नवरा मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, १२ लाखांवर मुलांचा हक्क. तीन मुले असतील तर प्रत्येकी ४ लाख. जो ६० लाखांपासून मोजू लागतो, त्याचा पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, आणि घराघरांतली भांडणे बहुतेक इथेच सुरू होतात.

देणे मालमत्तेपेक्षा जास्त निघाले तर? वारसाची जबाबदारी वारशाच्या ताकदीपुरतीच. 'फोर्सास द एरांसा' हा शब्दप्रयोग नेमका तेच सांगतो. बापाच्या कर्जापायी मुलाच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. वारसा आणि इन्व्हेंटारचा भाग पुढे गोव्याच्या २०१२च्या कायद्यात आला, तो अमलात आला २०१६च्या डिसेंबरात. मधल्या काळात प्राप्तिकराचा गुंता झाला: सामाईक उत्पन्न कोणाच्या नावावर धरायचे? १९९४मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ आले आणि ते १९६३पासून लागू मानले गेले. पगार सोडून बाकी उत्पन्न पतिपत्नींत निम्मे-निम्मे. घरभाड्याची विवरणपत्रे भरताना गोव्याबाहेरचे सीए या रकान्यापाशी अडतात, ते यामुळेच.

एक शब्द मराठीत अजून नीट रुजलेला नाही, 'तोर्नास'. वारसांमध्ये बोली लागते, कोणी आपल्या हिश्शाहून जास्त घेतो, मग वरचे पैसे त्याने इतरांना भरायचे. ती ही रक्कम. पणजोबांच्या इन्व्हेंटारात घर आमच्या थोरल्या आजीने बोलीत घेतले. शेवटच्या पानावर तिने दोन्ही भावांना भरलेल्या तोर्नासच्या रकमा आहेत, रुपी आणि तांग्यांत, आणि खाली तिची वळणदार मोडी सही.