लिव्ह-इन, रजिस्टर लग्न आणि मधला पाचशेचा स्टॅम्प

आत्तीला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची होती. एक जोडपं बघायला आलं. दोघंही पंचविशीतले, शिरोली एमआयडीसीत नोकरीला. आत्तीनं चहाच्या आधीच विचारलं, "लगीन झालंय न्हवं?" पोरानं बॅगेतून पाचशेचा स्टॅम्प पेपर काढला. वर दोघांचे फोटो, खाली नोटरीचा गोल शिक्का. "कोर्ट मॅरेज केलंय, काकी."

आत्तीनं कागद माझ्याकडं सरकवला. त्यात लग्न हा शब्दच नव्हता. दोघं सज्ञान आहेत, स्वखुशीनं एकत्र राहतात आणि एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाहीत, एवढंच. नोटरी फक्त सही तुमचीच आहे असं सांगतो; तो कुणाचं लग्न लावत नाही. म्हणजे जोडपं होतं लिव्ह-इनमध्ये, आणि समजत होतं की आपलं रजिस्टर लग्न झालंय. ही गफलत त्यांच्या एकट्याची नाही.

रजिस्टर लग्नाला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो, पण तिथं कोर्ट नसतं, न्यायाधीशही नसतो. असतो विवाह अधिकारी. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं त्याच्याकडं नोटीस द्यायची; दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस फलकावर लागते, आणखी तीस दिवस जातात, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. घरच्यांच्या धाकानं पळून आलेली पोरं त्या फलकालाच घाबरतात आणि झटपट स्टॅम्पच्या वाटेला लागतात. हे त्याच कोल्हापुरात, जिथं शाहू महाराजांनी 1919 मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचं बळ दिलं होतं.

याची उलटी गफलतही होते. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं, तरी ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलं. तिथं आधी लग्न, मग नोंदणी.

लिव्ह-इनला लग्नासारखी ठरलेली तारीख नसते. दोन सज्ञान माणसांनी लग्नाविना एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधल्या निकालानंच स्पष्ट झालं. पण गुन्हा नाही म्हणजे हक्क आपोआप मिळाले, असं नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण आहे, आणि 'लग्नासारखं' म्हणजे काय ते त्याच 2010 सालच्या दुसऱ्या एका निकालानं सांगितलं. दोघं लग्नाच्या वयाचे हवेत, लग्नाला कायद्यानं मोकळे हवेत, आपखुशीनं बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले हवेत आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. शनिवार-रविवार एकत्र घालवले, एवढ्यानं भागत नाही. थोडक्यात, पन्हाळ्याची ट्रिप लिव्ह-इनमध्ये धरत नाहीत. (याच निकालात 'ठेवलेली बाई' अशा अर्थाचा शब्द वापरला गेला आणि त्यावर बरीच टीका झाली. बरं झालं.)

खरी गोम शेवटच्या अटीत आहे. लग्न आधी सिद्ध होतं आणि मग जगलं जातं. लिव्ह-इन आधी जगलं जातं आणि भांडण झाल्यावर सिद्ध करावं लागतं. मालकिणीला "आम्ही फक्त मित्र" म्हणून गप्प करणारी पोरगी पुढं लागणारा पुरावा स्वतःच पुसत असते. आणि 'हक्क सांगणार नाही' लिहिलेला स्टॅम्प, जो तिनं आधार म्हणून जपून ठेवलाय, तोच उद्या समोरचा वकील तिच्याविरुद्ध दाखवेल.

बाकीचे फरक सरळ आहेत. लग्न मोडायला घटस्फोट लागतो, लिव्ह-इन मोडायला बॅग. मृत्युपत्र न करता नवरा गेला तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पहिल्या रांगेत असते. जोडीदारीण त्या यादीतच नाही. मुलांना मात्र पोटगी मागता येते, आई-बापाचं लग्न झालेलं असो वा नसो. उत्तराखंडात 2025 पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आहे, आपल्याकडं तसं काही नाही. म्हणून "लिव्ह-इनचं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारा भेटला तर खिशावर हात ठेवा.

हे सगळं त्या दोघांना सांगितलं. पोरगी बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. पोरगा म्हणाला, "नोटीस टाकू, पण आत्ता नाही. गावाकडं बहिणीचं ठरायचंय."

आत्तीनं खोली दिली. संध्याकाळी शेजारणीनं जिन्यावरून विचारलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "नवं जोडपं हाय, नवरा-बायको." दोघं मागंच उभे होते, हातात गादी. त्यांनी काही खोडून काढलं नाही.