ब्रिटनमधील साखळी पब आणि त्यांचे स्मरणरंजन

साखळी पब : एकाच कंपनीच्या मालकीचे, एकाच नावाने किंवा एकाच साच्यात देशभर चालवले जाणारे ब्रिटनमधील पब. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या साधारण पन्नास वर्षांत अशा अनेक साखळ्या उभ्या राहिल्या, गावोगावच्या हमरस्त्यांवर पसरल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा नावासकट नाहीशा झाल्या. चालू असताना ज्यांना ‘नकली’ म्हणून नावे ठेवली गेली, त्यांच्याविषयी आज पन्नाशी-साठीतली ब्रिटिश माणसे हळवी होऊन बोलतात. हा हळवेपणा समजून घेतल्याशिवाय त्या पबांचा इतिहास पुरा होत नाही, म्हणून या नोंदीत दोन्ही एकत्र घेतले आहेत.

मराठी वाचकाच्या मनात ‘पब’ म्हटले की मुंबई-पुण्यातला काळोख, कानठळ्या बसवणारे संगीत आणि महागडे पेय येते. ब्रिटनमधला पब तसा नाही. तो ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सगळ्यांना मोकळे असलेले घर. गुत्ता नव्हे आणि परमिट रूमही नव्हे. त्यातल्या त्यात जवळचा शब्द शोधायचा तर छप्पर असलेला कट्टा. दुपारी एखादे आजोबा अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर, बिअर घेऊन वर्तमानपत्र वाचत तासभर बसतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. टेबलापाशी वेटर येत नाही. आपण काउंटरवर जायचे, पेले आणायचे. चौघे मित्र असतील तर दर खेपेला एकाने सगळ्यांचे पैसे द्यायचे, याला ‘राउंड’ म्हणतात. आपली पाळी आली की जो खिसे चाचपत उशीर करतो, त्याची आठवण मंडळी वर्षानुवर्षे ठेवतात. रात्री अकरा वाजत आले की काउंटरमागची पितळी घंटा वाजते आणि ‘लास्ट ऑर्डर्स’ अशी हाळी येते.

साखळी ही कल्पना मुळात नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकापासून बिअर गाळणाऱ्या कंपन्या पब विकत घेत आणि तिथे आपलीच बिअर विकायला लावत. अशा पबला ‘टाइड हाउस’, म्हणजे बांधील घर म्हणत. १८८४ मध्ये ओल्डहॅम येथे सुरू झालेले येट्स वाइन लॉज ही तर आजच्या अर्थानेही साखळीच होती. तरी दारावर कंपनीची पाटी असली तरी आतले घर मात्र त्या गल्लीचे असे. पब चालवणारा आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहत आणि गिऱ्हाइकाला नावाने ओळखत. बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही पेयातून नव्हे तर जेवणातून.

बर्नी इन. ब्रिटनमधले मांसाचे रेशनिंग जुलै १९५४ मध्ये संपले. त्यानंतर लवकरच फ्रँक आणि आल्डो बर्नी या इटालियन भावांनी ब्रिस्टलमधल्या ‘द रमर’ या जुन्या खानावळीत स्टेकचे, म्हणजे गोमांसाच्या भाजलेल्या जाड कापाचे, जेवण सुरू केले. त्यांची युक्ती साधी होती. पदार्थ मोजके ठेवायचे, म्हणजे महागडा आचारी लागत नाही आणि माल वाया जात नाही; आणि स्टेक, तळलेले बटाटे, वाटाणे, पाव-लोणी आणि शेवटचे गोड किंवा चीज या सगळ्यांची मिळून एकच किंमत आधीच सांगायची. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची होती. कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबाला हॉटेलात जायची भीती वाटे ती बिलाची, आणि कोणता काटा कशाला वापरायचा हे माहीत नसण्याची. बर्नी इनमध्ये दोन्ही भीती उरली नाहीत. काळे पडलेले लाकडी वासे, लाल बैठकी आणि मंद दिवे. सुरुवातीला काचेच्या पेल्यात गुलाबी सॉस घातलेली कोळंबी, मग स्टेक, शेवटी चेरी आणि मलईचा ब्लॅक फॉरेस्ट केक. १९७० च्या दशकातले ‘बाहेरचे जेवण’ म्हटले की आजही ब्रिटनमध्ये हाच क्रम सांगितला जातो. १९७० मध्ये ही साखळी ग्रँड मेट्रोपॉलिटन या हॉटेल कंपनीला १ कोटी ४५ लाख पौंडांना विकली गेली, आणि १९९० च्या दशकात व्हिटब्रेड या बिअर कंपनीने ती घेऊन तिच्या शाखा आपल्या बीफईटर साखळीत मिसळून टाकल्या.

खवय्यांनी या जेवणाची मनसोक्त चेष्टा केली. ती चेष्टा अन्यायाची होती असे म्हटले पाहिजे. लाखो माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा मेन्यू हातात धरला तो इथे. आईने चूल न पेटवता झालेला वाढदिवस, लग्नाची मागणी, मुलगा परीक्षेत पास झाल्याचा आनंद या आठवणी ज्या टेबलाशी जोडल्या गेल्या, त्याच्यावरचे वासे खरे होते की प्लास्टरचे, याने काही फरक पडत नाही.

लाल पिंप आणि त्याविरुद्धचे बंड. साठच्या दशकात विलीनीकरणांची लाट येऊन बास, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा कंपन्यांच्या हाती बहुतेक बाजार गेला. पूर्वी बिअर पबच्या तळघरात पिंपातच मुरत असे आणि हातपंपाने वर ओढली जाई. तिच्या जागी गाळून, तापवून, जंतूरहित करून, वायू भरलेली ‘केग’ बिअर आली. ती टिके, वाहून न्यायला सोपी पडे, आणि सगळीकडे सारखीच लागे. वॉटनी कंपनीची रेड बॅरल ही तिची सगळ्यात बदनाम जात. कंपनीने १९७१ मध्ये तिला ‘वॉटनीज रेड’ असे नवे रूप दिले आणि अनेक पब लाल रंगाने रंगवून काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी डनक्विन गावच्या एका बारमध्ये बसून बिअर पिणाऱ्यांची संघटना काढली. तीच पुढे ‘कॅमरा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) म्हणून प्रसिद्ध झाली आणि पिंपात मुरणाऱ्या जुन्या बिअरला तिने जीवदान दिले. रेड बॅरलच्या चवीची आठवण काढून आज कोणी उसासा टाकत नाही. पण लाल पिंपाचे चित्र असलेले ट्रे आणि रक्षापात्रे जपून ठेवणारे हौशी संग्राहक मात्र आहेत.

फर्किन. साखळ्यांना कंटाळलेल्या लोकांसाठी निघालेली ही साखळी, आणि स्मरणरंजनात सगळ्यात वरचे स्थान बहुधा हिचेच. डेव्हिड ब्रूस या बिअर गाळणाऱ्या गृहस्थाने १९७९ मध्ये लंडनच्या सदर्क भागात एक बंद पडलेला पब घेतला आणि त्याचे नाव ठेवले ‘गूस अँड फर्किन’. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचे, साधारण ४१ लिटरचे पिंप. तळघरातच भट्टी घातली. वर उघड्या फळ्यांची जमीन, लांब बाके आणि एक पियानो. डॉगबोल्टर नावाची तिथली गडद, कडक बिअर दोन पाइंटांत माणसाला जमिनीवर बसवी. पुढे फॉक्स, फ्रॉग, फ्लाउंडर, फीनिक्स असे एकेक प्राणी-पक्षी फर्किनच्या जोडीला आले. फर्किन हा शब्द इंग्रजीतल्या एका शिवीला इतका जवळचा, की त्यावरच्या चावट कोट्या छापलेले टी-शर्ट विद्यार्थी अभिमानाने घालत. १९८८ मध्ये ब्रूसने हे पब ६६ लाख पौंडांना विकले आणि त्यातल्या पैशांतून अपंग व्यक्तींना कालव्यावर सहल करता यावी म्हणून खास बोटी बांधवून घेतल्या.

मग फर्किनचे हात बदलत गेले. अलाइडकडे असताना नावाच्या पाट्या गावोगाव लागल्या, आणि पुष्कळ ठिकाणी तळघरात भट्टीच नव्हती. १९९९ मध्ये अलाइडच्या पबांचा मोठा सौदा झाला, त्यात फर्किन हे नाव बासकडे गेले आणि उरलेल्या भट्ट्याही बंद झाल्या. म्हणून फर्किनच्या आठवणी सांगणारा माणूस भेटला की आधी विचारावे, कोणत्या वर्षीचा फर्किन? १९८२ सालचा आणि १९९८ सालचा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी की दोन्ही काळचे लोक तितक्याच मायेने बोलतात.

१९८९ चा आदेश आणि नव्वदचे दशक. मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर १९८९ मध्ये सरकारने बिअर कंपन्यांवर मर्यादा घातली : २,००० पेक्षा जास्त पब असतील तर त्यावरच्या पबांपैकी निम्मे बांधिलकीतून मोकळे करायचे. गिऱ्हाइकाला निवड मिळावी हा हेतू चांगला होता. झाले असे, की कंपन्यांनी पब विकून टाकले आणि ते घेतले नुसत्या पबांच्या मालक असलेल्या नव्या कंपन्यांनी, म्हणजे एंटरप्राइझ इन्स, पंच टॅव्हर्न्स वगैरेंनी. त्यांना बिअर गाळायची नव्हती. भाडे आणि नफा हवा होता. हमरस्त्यावरचा पब आता ‘संकल्पना’ झाला. स्लग अँड लेट्यूस, रॅट अँड पॅरट, हॉग्सहेड, छताला सायकल टांगलेले आयरिश पब ओनील्स आणि स्क्रफी मर्फीज, ऑस्ट्रेलियाची सजावट केलेले वॉकअबाउट. कित्येक ठिकाणी दोनशे वर्षांचे ‘रेड लायन’ किंवा ‘किंग्ज हेड’ असे नाव उतरवून नवी पाटी लागली. जुन्या गिऱ्हाइकांचा हा राग रास्त होता आणि तो अजून गेलेला नाही.

पण त्याच दशकातल्या दोन गोष्टी बाजू घेऊन सांगितल्या पाहिजेत. १९९४ मध्ये बासने सुरू केलेल्या ‘ऑल बार वन’ला रस्त्याकडे मोठ्या, स्वच्छ काचा होत्या. जुन्या पबच्या खिडक्या दुधी काचेच्या. आत कोण आहे ते कळत नसे, आणि एकट्या स्त्रीला दार ढकलण्याआधी धीर गोळा करावा लागे. काच पारदर्शक झाली आणि ती भीती बरीच कमी झाली. दुसरी गोष्ट मुलांची. पूर्वी बाप आत आणि मुले बाहेर पायरीवर, हातात बटाट्याच्या वेफर्सची पुडी, असे दृश्य सर्रास असे. ब्रूअर्स फेअर आणि वॅकी वेअरहाउस यांनी घसरगुंड्या आणि रंगीत चेंडूंनी भरलेले हौद आणले. १९८३ मध्ये सुरू झालेल्या हार्वेस्टरमध्ये हवे तितके सॅलड वाढून घ्यायची सोय होती, आणि दारातच विचारले जाई, ‘याआधी कधी हार्वेस्टरला आला आहात का?’ हे वाक्य आजही चाळिशीतल्या दोन ब्रिटिश माणसांना एका क्षणात बालपणात नेते.

आठवणीत काय येते. बिअरचा उल्लेख अपेक्षेपेक्षा कमी असतो. येतात ते नक्षीदार, पायाला किंचित चिकटणारे गालिचे. तंबाखूने पिवळे पडलेले छत. खणखणत नाणी ओकणारे जुगाराचे यंत्र. टोपलीत वाढलेली कोंबडी. डुकराच्या चामडीच्या कुरकुरीत तुकड्यांची पुडी. १९८८ पर्यंत इंग्लंडमधले पब दुपारी काही तास बंद ठेवावे लागत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी घातलेला तो नियम सत्तर वर्षे टिकला. घड्याळाच्या या शिस्तीबद्दलही लोक आता प्रेमाने बोलतात. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपान बंद झाले, आणि पुष्कळांच्या मते ‘जुना पब’ त्या दिवशी संपला. तिथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार केला तर ही तारीख शोकाची नाही.

आठवणीत न येणाऱ्या गोष्टीही नोंदवायला हव्यात. साठच्या दशकात मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, अनेक पबांत कृष्णवर्णीय आणि भारतीय गिऱ्हाइकांना प्रवेश नसे, किंवा वेगळ्या खोलीत बसावे लागे. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध चळवळ केली. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स तिथे येऊन गेले, आणि त्या वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा हा भेद बेकायदा ठरला. पुढे त्याच भागातले पडीक पब पंजाबी मालकांनी घेतले आणि बिअरबरोबर तंदुरी मिक्स्ड ग्रिल देणारे ‘देसी पब’ उभे राहिले. ते साखळीत नाहीत, म्हणूनच कदाचित टिकले. नव्वदच्या दशकाअखेरीस संगणकाच्या कामासाठी रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्सला गेलेल्या मराठी मुला-मुलींची गाठ मात्र पडली ती साखळी पबशीच. शुक्रवारी दुपारी सगळे ऑफिस तिकडे जाई. शाकाहारी माणसासाठी भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स ठरलेले. दारू न पिणाराही संत्र्याचा रस घेऊन राउंडमध्ये सामील होऊ शकतो, हे तिथेच कळे आणि बुजरेपणा जाई.

टिकलेले. १९७९ मध्ये टिम मार्टिन यांनी लंडनच्या मझवेल हिल भागात काढलेल्या पबमधून वेदरस्पून ही साखळी वाढली. स्वस्त बिअर, संगीत नाही, गुरुवारी करी. तिने बंद पडलेल्या बँका, चित्रपटगृहे, टपाल कचेऱ्या घेऊन त्यांची छते-खांब राखले. टनब्रिज वेल्समध्ये तर आख्खे ऑपेरागृह. प्रत्येक शाखेचा गालिचा वेगळ्या नक्षीचा असतो. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये एका काल्पनिक आदर्श पबचे वर्णन केले होते : बोलता येईल इतका शांत, रेडिओ नाही, पियानो नाही. त्या पबचे ‘मून अंडर वॉटर’ हे नाव वेदरस्पूनने आपल्या अनेक शाखांना दिले. ऑर्वेलच्या मनातला पब हा नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण सकाळी दहा वाजता एका कॉफीवर दुपारपर्यंत ऊब घेत बसलेला पेन्शनर पाहिला, की त्या वर्णनातले काहीतरी इथे उतरले आहे हे मान्य करावे लागते.

बर्नी इन ज्यात मिसळली, ती बीफईटर साखळी १९७४ मध्ये उत्तर लंडनमधल्या एनफिल्ड येथे सुरू झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये व्हिटब्रेडने बीफईटर, ब्रूअर्स फेअर वगैरेंच्या दोनशेहून अधिक शाखा कमी करायचे जाहीर केले. त्यांतल्या ११२ जागी शेजारच्या प्रीमियर इन हॉटेलांच्या खोल्या होणार आणि बाकीच्या विकल्या जाणार, असे ठरले. बातमी आली त्या आठवड्यातच लोक आपापल्या गावच्या बीफईटरमधले वाढदिवस आठवू लागले.