सायटिका: पाय ओढून नस मोकळी होत नाही

उताणं झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वर न्या. पावलाला पट्टा अडकवून स्वतः नेला, तर ते सुप्त पादांगुष्ठासन. डॉक्टरांनी टाच धरून उचलला, तर ती सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्याची, तपासणी. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पोटरीपर्यंत कळ गेली, की कमरेत नसेचं मूळ दुखावल्याचा संशय येतो. जी हालचाल दुखणं दाखवते, तीच जोर लावून केली तर दुखणं वाढणारच. ‘शिरा आखडल्यात, ओढून मोकळ्या करा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेचे खालचे मणके आणि त्रिकास्थी (कमरेखालचं तिकोनी हाड) इथून निघालेल्या मुळांची ती बनते, कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून बाहेर पडते आणि मांडीमागून खाली उतरते. बहुतेकदा ती दबते कमरेतच, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकल्यामुळे. मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी १९३४ साली हे दाखवून दिलं. नस फार ताणली की तिचा रक्तपुरवठा घटतो; चिडलेल्या नसेला तर ते अजिबात सोसत नाही.

मग ओढ स्नायूची की नसेची, हे ओळखायचं कसं? पाय वर नेऊन जिथं ओढ लागते तिथं थांबा, किंचित खाली घ्या आणि फक्त पावलाचा चवडा स्वतःकडे वळवा. मांडीमागचे स्नायू गुडघ्याच्या जरा खालीच संपतात, घोट्यापर्यंत पोचतच नाहीत. तरीही मांडीतली कळ वाढली, तर ओढली जातेय ती नस. अशा वेळी पाय पसरून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासनही काही दिवस बाजूला ठेवलेलं बरं.

पालथं झोपून छाती उचलायच्या भुजंगासनाचं उलट. ते करताना पोटरीतलं दुखणं वर सरकत कमरेशी गोळा झालं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी लक्षण चांगलं. दुखणं पायात आणखी खाली उतरलं, तर तिथंच थांबायचं.

खरं काम ताकदीचं. सेतुबंधासनात टाचा कुल्ल्यांजवळ घ्या, आधी कुल्ले आवळा, मग कंबर उचला. मांडीमागे गोळा येत असेल तर टाचा आणखी जवळ हव्यात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, जरासा मागे ठेवून उचलला, की खुब्याच्या बाजूचा स्नायू बळकट होतो. चालताना एका पायावर भार येतो तेव्हा कंबर समतोल राखतो तो हाच. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर ती बहुधा सायटिका नव्हेच; या स्नायूचा कंडरा (त्याला हाडाशी जोडणारा दोर) कुरकुरतोय. पायावर पाय टाकून बसणं तेवढं बंद करा.

सायटिका बऱ्याच जणांची ६ ते १२ आठवड्यांत आपसूक उतरते, त्यामुळे एखाद्या आसनाला श्रेय देताना हात जरा आखडताच ठेवावा. मात्र पाऊल उचलेनासं होऊन चप्पल निसटू लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर चटई गुंडाळून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.