सत्तावीस आले, सत्तावीस गेले: परफेक्ट गेमची पार्श्वभूमी

२८ जून २०२३ रोजी ओकलंडमध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या डोमिंगो जर्मानने समोर आलेले सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर माघारी धाडले. आधीच्या दोन सामन्यांत याच जर्मानला सपाटून मार पडला होता. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला हा चोविसावा परफेक्ट गेम. तेविसावा ऑगस्ट २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझने टाकला होता. म्हणजे मधली जवळपास अकरा वर्षं कोरडी गेली, आणि २०१२ च्या एकाच हंगामात मात्र तीन-तीन झाले होते. या विक्रमाचं वेळापत्रक हे असं आहे.

नियम सांगायला सोपा आहे. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद, एकूण सत्तावीस. एकाच पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) सगळा सामना टाकायचा आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणालाही पहिल्या बेसपर्यंत (धावण्याच्या पहिल्या थांब्यापर्यंत) पोहोचू द्यायचं नाही. फटका मारून नाही, टप्प्याबाहेरच्या चार चेंडूंवर फुकटात (याला ‘वॉक’ म्हणतात) नाही, चेंडू अंगाला लागून नाही आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीनेही नाही. फक्त फटक्यावर बेस मिळू दिला नाही, तर तो ‘नो-हिटर’. तसे तीनशेहून जास्त झालेत. परफेक्ट गेम मात्र सव्वादोन लाखांहून अधिक सामन्यांत चोवीसच.

आपल्याकडे लगेच विचारलं जातं, क्रिकेटमध्ये याच्या तोडीचं काय? कसोटीत एका डावात दहाच्या दहा बळी तिघांनी घेतलेत: १९५६ मध्ये जिम लेकर, १९९९ मध्ये अनिल कुंबळे आणि २०२१ मध्ये वानखेडेवर एजाझ पटेल, जो जन्माने मुंबईचाच. पण एजाझने त्या दहा बळींसाठी ११९ धावा मोजल्या, आणि त्या कामगिरीला त्याने उणेपणा येत नाही. बेसबॉलमध्ये ही सवलत नाही. इथे शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून चेंडू निसटला तरी पिचरचा परफेक्ट गेम गेलाच. माझ्या मते या विक्रमाचं खरं वैशिष्ट्य हेच आहे: तो एकाच्या नावावर लागतो, पण तो टिकवणं त्या एकाच्या हातात नसतं. आठ सहकारी, अंपायर, आणि पुढे तर नियमपुस्तक लिहिणारी समितीसुद्धा त्यात भागीदार ठरली.

पहिले दोन परफेक्ट गेम १८८० च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या अंतराने झाले. १२ जूनला वुस्टरच्या ली रिचमंडने क्लीव्हलंडविरुद्ध १-० असा जिंकलेला सामना पहिला. रिचमंड तेव्हा ब्राउन विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडत होता. पुढे तो डॉक्टर झाला आणि त्यानंतर शाळेत शिकवू लागला. १७ जूनला प्रॉव्हिडन्सच्या जॉन मॉन्टगोमेरी वॉर्डने बफेलोविरुद्ध तेच केलं. या वॉर्डनेच पुढे खेळाडूंची पहिली संघटना उभी केली आणि वकिलीही केली.

तेव्हाचा खेळ आजच्या बेसबॉलशी फारसा मिळताजुळता नव्हता. पिचर ४५ फुटांवरून आणि खांद्याखालूनच चेंडू टाकायचा. आजचं ६० फूट ६ इंच अंतर १८९३ मध्ये आलं. बॅटर चेंडू वर हवा की खाली, हे आधी सांगू शकायचा. फुकट बेस मिळायला चार नव्हे, टप्प्याबाहेरचे आठ चेंडू लागायचे. म्हणजे पिचरला सोपं? तसंही नाही, कारण बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळायचे आणि चुका ढिगाने व्हायच्या. रिचमंडच्या सामन्यात तर एक फटका सरळ उजव्या बाजूच्या मोकळ्या मैदानात गेला होता. तिथल्या लॉन नाइटने धावत येऊन चेंडू उचलला आणि पहिल्या बेसवर फेकून बॅटरला बाद केलं. नाइट दोन पावलं मागे असता तर यादीतलं पहिलं नावच गळालं असतं.

नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) यानंतरचा परफेक्ट गेम पाहायला ८४ वर्षं जावी लागली. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने ‘फादर्स डे’लाच तो टाकला, सात लेकरांचा बाप असताना. अशा वेळी डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) पिचरशी कोणी बोलत नाही, त्या गोष्टीचं नावही काढत नाही. बोललं की दृष्ट लागते असं बेसबॉलवाले पक्कं मानतात. बनिंग मात्र त्या दिवशी सहकाऱ्यांशी मुद्दाम बडबडत होता. पुढे ते केंटकीचे सिनेटर झाले.

अमेरिकन लीगमध्ये १९०४ मध्ये साय यंगने, १९०८ मध्ये अ‍ॅडी जॉसने (अवघ्या ७४ चेंडूंत) आणि १९२२ मध्ये शिकागोच्या चार्ली रॉबर्टसनने हा पराक्रम केला. यंगच्या नावावर ५११ विजय आहेत, तो विक्रम आता कोणी मोडणार नाही. रॉबर्टसनने कारकिर्दीत ४९ सामने जिंकले आणि ८० हरले. दोघे एकाच यादीत. उलट सात नो-हिटर टाकणारा नोलन रायन या यादीत नाही. दोनदा नाव असलेला तर कोणीच नाही.

या विसंगतीचा कळस म्हणजे डॉन लार्सन. १९५४ मध्ये बाल्टिमोरकडून खेळताना त्याने तीन सामने जिंकले आणि एकवीस हरले. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत) यांकीजने त्याला ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात उतरवलं आणि दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर काढलं. ८ ऑक्टोबरला पाचव्या सामन्याच्या सकाळी तो क्लबहाउसमध्ये आला तेव्हा त्याच्या बुटात चेंडू ठेवलेला होता. आज तू टाकणार, हे कळवायची त्या संघाची ती पद्धत.

दुसऱ्या इनिंगमध्ये जॅकी रॉबिन्सनचा सणसणीत फटका थर्ड बेसवाल्या अँडी कॅरीच्या ग्लव्हला लागून उडाला तो नेमका शॉर्टस्टॉप गिल मॅकडूगल्डकडे, आणि रॉबिन्सन थोडक्यात बाद झाला. पाचव्यात गिल हॉजेसने लांब मारलेला चेंडू मिकी मँटलने धावत जाऊन टिपला. शेवटचा बॅटर डेल मिचेल. अख्ख्या कारकिर्दीत फक्त ११९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर, म्हणजे चांगले चेंडू हुकून किंवा सोडून बाद) झालेला हा माणूस. लार्सनच्या ९७ व्या चेंडूवर त्याने बॅट अर्ध्यात थांबवली आणि बेब पिनेली या अंपायरने तिसरा स्ट्राइक दिला. चेंडू बाहेर होता, असं मिचेल शेवटपर्यंत म्हणत राहिला. कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) योगी बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर झेपावला, तो फोटो अमेरिकेत सगळ्यांनी पाहिलेला आहे. वर्ल्ड सिरीजमधला तो आजही एकमेव परफेक्ट गेम आहे.

आता ज्याचं नाव यादीत नाही त्याच्याकडे वळू. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स मिलवॉकीत ब्रेव्हजविरुद्ध टाकत होता, अंगात कणकण असताना. त्याने नऊ इनिंगमध्ये सत्तावीस बाद केले. पण सामना ०-० होता. दहावी, अकरावी, बारावी इनिंग झाली. छत्तीस आले, छत्तीस बाद झाले. समोरच्या ल्यू बर्डेटला पिट्सबर्गने बारा फटके मारले, पण धाव निघाली नाही. तेराव्या इनिंगमध्ये पिट्सबर्गच्या डॉन होकची फेक चुकली आणि पहिला माणूस बेसवर आला. मग एक बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू), हँक आरनला मुद्दाम दिलेला वॉक, आणि जो अ‍ॅडकॉकचा कुंपणापलीकडचा फटका, म्हणजे होमरन. त्यातही घोळ झाला: आरन मध्येच वळून डगआउटकडे चालू लागला, अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला, त्यामुळे होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि निकाल १-० लागला. हॅडिक्स हरला. त्या रात्री ब्रेव्हजचे लोक दुर्बिणीतून पिट्सबर्गच्या कॅचरच्या खुणा वाचत होते, हे पुढे त्यांच्याच एका पिचरने सांगितलं. तरीही छत्तीस बाद!

१९९१ मध्ये मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या समितीने व्याख्या आवळली: किमान नऊ इनिंग आणि सामना संपेपर्यंत बेस मिळवून देणारा एकही फटका नको. या एका ठरावाने जुन्या नोंदींतून पन्नास नो-हिटर पुसले गेले. हॅडिक्सचं नाव त्यातच गेलं, आणि तेव्हा तो हयात होता. अर्नी शोरचा परफेक्ट गेमही असाच उतरवला गेला. १९१७ मध्ये बॉस्टनच्या पिचरने पहिल्याच बॅटरला वॉक दिला, अंपायरशी भांडून त्याला ठोसा लगावला आणि मैदानाबाहेर गेला. तो पिचर होता बेब रूथ. बदली आलेल्या शोरच्या वेळी बेसवरचा माणूस चोरून पुढच्या बेसकडे धावताना बाद झाला आणि शोरने पुढचे सव्वीसही बाद केले. आता ती नोंद ‘दोघांचा मिळून नो-हिटर’ अशी आहे. त्यात रूथचा वाटा एक वॉक आणि एक ठोसा, हे मला मोठं गमतीचं वाटतं.

व्याख्या पक्की झाल्यावर अंपायरची पाळी आली. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गॅलरागाने सव्वीस बाद केले होते. त्याआधीच्या महिन्याभरात डॅलस ब्रेडन आणि रॉय हॅलडे यांचे परफेक्ट गेम होऊन गेले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड; त्याचा जमिनीलगतचा फटका मिगेल काब्रेराने अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलरागाकडे फेकला. डोनाल्ड स्पष्ट बाद होता. अंपायर जिम जॉइस यांनी हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद. गॅलरागा नुसता हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना संपवला. नंतर चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी रडत त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथे) जॉइस उभे होते आणि संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला व्यवस्थापकाऐवजी गॅलरागा आला. कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय फिरवला नाही. असे निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय २०१४ मध्ये झाली.

हल्ली अडथळा वेगळाच आहे: टाकलेल्या चेंडूंची मोजदाद. पिचरच्या खांद्यावर आणि कोपरावर संघांचे कोट्यवधी डॉलर लागलेले असतात. १३ एप्रिल २०२२ ला डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने मिनिआपोलिसमध्ये सात परफेक्ट इनिंग टाकल्या होत्या, तरी ८० चेंडूंनंतर त्याला बसवलं. निर्णय बरोबरच होता असं तो स्वतः म्हणाला. त्याच आठवड्यात जपानमध्ये वीस वर्षांचा रोकी सासाकी गाजत होता. १० एप्रिलला चिबा लोत्ते मरीन्सकडून त्याने १९ स्ट्राइकआउटसह परफेक्ट गेम टाकला, जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला २८ वर्षांतला पहिला. त्यातले तेरा स्ट्राइकआउट ओळीने. १७ तारखेच्या पुढच्याच सामन्यातही आठ इनिंग कोणी बेसवर आलं नाही, आणि तिथे संघाने त्याला थांबवलं. पण धावफलक ०-० होता. नववी टाकली असती तरी हॅडिक्ससारखं पुढे टाकत राहावं लागलं असतं. लोत्ते तो सामना दहाव्या इनिंगमध्ये एका होमरनवर १-० हरले.