पुराव्याच्या बैठकीला रुग्ण कसा आला

बेळगाव जिल्ह्यातल्या बाळंतिणी जगाच्या वैद्यकीय पुराव्यात बऱ्याच आधीपासून आहेत, पण आकड्यांच्या रूपात; पुरावा पारखणाऱ्यांच्या बैठकीत भागीदार म्हणून नव्हे. 2002 ते 2005 या काळात इथल्या खेड्यांत 1,620 बायकांवर एक चाचणी झाली. मूल जन्मल्याबरोबर नर्सबाई गोळ्या द्यायच्या. निम्म्यांना बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. बाळंतिणीखाली खुणा केलेलं प्लास्टिक पसरून रक्त मोजलं जाई. अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गोळीनं हुडहुडी आणि ताप जास्त जणींना आला. अहवालाच्या भाषेत ते तात्पुरते दुष्परिणाम. पण कापत्या हातांनी बाळाला पाजायला घेता आलं का, हा प्रश्न सुचायला बाळंतीणच हवी.

एका चाचणीवर विसंबायचं नाही, सगळ्या गोळा करून पारखायच्या, हा आग्रह ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांचा. असे आढावे घेणारी, त्यांच्या नावाची संस्था 1993 मध्ये ऑक्सफर्डला उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला द्यायच्या स्टिरॉइड इंजेक्शनच्या बाजूचे निष्कर्ष रेखाटलेत. त्याच इंजेक्शनची सहा देशांतल्या खेड्यांत चाचणी झाली, त्यात बेळगावही होतं. 2015 चा निकाल उलटा लागला: एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेच.

रुग्णांचा आवाज मात्र रस्त्यावरून आला. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्सग्रस्तांनी ‘आम्हाला नुसते बळी म्हणू नका, निर्णयात घ्या’ असं बजावलं. ब्रिटनमध्ये बाळंतपणात योनीमुखाशी सरसकट छेद देऊन शिवण्यावर आयांच्या संघटनांनी तोंड उघडलं. पुढे कॉक्रनमध्ये रुग्णांचं जाळं तयार झालं. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या जेम्स लिंड अलायन्स या गटानं संशोधनाचे प्रश्न रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायची पद्धत घालून दिली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो संधिवाताचा किस्सा. डॉक्टर सुजलेले सांधे मोजत होते. 2002 मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेला रुग्णांना बोलावलं, तर ते म्हणाले, आमचा थकवा कुठं मोजता? पुढे काही वर्षांनी थकवा मोजणं रीतसर शिफारशीत आलं.

अशा चाचण्यांच्या आढाव्यात रुग्ण भागीदार म्हणजे एवढंच: प्रश्न ठरवताना, कोणता परिणाम मोजायचा ते निवडताना आणि सोप्या भाषेतला सारांश तपासताना रुग्ण सोबत असणं. शेवटी सहीपुरतं बोलावणं म्हणजे भागीदारी नव्हे.

आपल्याकडे, खानापूर-निपाणीत, बाई मराठी बोलते, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि शोधनिबंध इंग्रजीत. अशा वेळी आशाताईंनाच रुग्णांच्या वतीनं बसवण्याचा मोह होतो. पण त्या यंत्रणेच्याच. निपाणीच्या विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. बैठकीला आली की त्या दिवसाचा रोज बुडाला. ब्रिटनमध्ये अशा वेळेचा मोबदला देतात. इथंही तो खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरावा लागेल.