दगा नेमका कोणाचा? सामाजिक रोबोंच्या नैतिक कर्तेपणामागचा इतिहास

रात्री लाइट येऊनही विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही, की परभणी-जालन्याकडचा शेतकरी ‘मोटारीनं दगा दिला’ म्हणतो आणि स्टार्टरच्या पेटीवर एक थापही मारतो. जाब विचारायला मात्र तो मोटार भरून देणाऱ्याकडेच जातो. ‘दगा’ या शब्दात हेतू गृहीत असतो, पण यंत्राला हेतू चिकटवणे वेगळे आणि त्याला दोषी धरणे वेगळे. सामाजिक रोबोंना, म्हणजे माणसांशी बोलण्या-वागण्यासाठी बनवलेल्या रोबोंना, लोक नैतिक कर्ते, म्हणजे बरेवाईट कळून आपल्या कृत्याला जबाबदार असणारे, मानतात का, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या जागेतूनच पुढे आला.

हेतू चिकटवण्याची सवय मानसशास्त्रज्ञ हायडर आणि सिमेल यांनी १९४४ मध्येच दाखवली होती. पडद्यावर फिरणारे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पाहून ३४ पैकी एक व्यक्ती वगळता सर्वांनी सजीवांची हकिकत सांगितली. मोठा त्रिकोण तर अनेकांना दांडगट वाटला. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ वायझेनबाउम यांचा ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्राम आला. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले.

दोषाचा प्रश्न थेट विचारला तो सिएटलमधील कान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासाने. खोलीतल्या वस्तू शोधण्याच्या खेळात किमान सात ओळखल्यास वीस डॉलर मिळणार होते. विद्यार्थ्यांनी अट पुरी करूनही ‘रोबोवी’ हा माणसासारखा रोबो पाचच झाल्याचे सांगत राहिला आणि बक्षीस बुडाले. ४० पैकी ६५ टक्के जणांनी त्याला काही प्रमाणात जबाबदार धरले. माणसापेक्षा कमी, पण नाणे गिळणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त. वास्तविक रोबोवीला दुसऱ्या खोलीतून माणूसच चालवत होता. इथे पैठणची कथा आठवते. रेड्याच्या मुखातून वेद निघाले, तरी कर्तेपण कोणी रेड्याला दिले नाही, कारण ज्ञानेश्वरांचा हात सर्वांना दिसत होता. रोबोवीमागचा हात लपलेला होता.

एकाचा बळी देऊन चौघांना वाचवण्यासाठी धावत्या गाडीचा रूळ बदलावा का, या प्रसंगात मॅले आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली: काहीच न करणाऱ्या माणसापेक्षा काहीच न करणाऱ्या रोबोला लोक अधिक दोष देतात. यंत्र किती नैतिक कर्ते वाटते हे मोजणाऱ्या जेमी बँक्स यांच्या २०१९ च्या मोजपट्टीत दोन स्वतंत्र बाबी आहेत: यंत्राला बरेवाईट कळते असे वाटणे, आणि ते आपल्या आज्ञावलीच्याच ताब्यात आहे असे वाटणे. मोटारीला दगाबाज म्हणून मेकॅनिकशी भांडणारा शेतकरी या दोन्ही बाबी एका दमात बोलून जातो.