हिरवी धातुके : ओळख व चाचण्या

तांबे व निकेल यांची काही धातुके हिरवी असतात; पण धातूसाठी निरुपयोगी असलेली कित्येक खनिजेही तितकीच हिरवी दिसतात. म्हणून रंग हा ओळखीचा सर्वांत कच्चा निकष. नागपूरकडे येणाऱ्या नमुन्यांत हा घोळ हमखास होतो. मलाजखंडच्या (जि. बालाघाट) तांब्याच्या साठ्यात वरच्या, हवापाण्याने कुजलेल्या भागात मॅलॅकाइट हे तांब्याचे हिरवे धातुक मिळते, भंडाऱ्याकडच्या क्वार्ट्‌झाइटातील हिरवा अभ्रक, फुक्साइट, क्रोमियममुळे हिरवा असतो, आणि दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांना हिरवे अस्तर देणारे सेलॅडोनाइट लोहयुक्त असते. शेवटच्या दोन्हींत तांबे नाही.

पहिली चाचणी अम्लाची. ताज्या फुटीवर चाकूने खरवडून भुकटी करावी व तिच्यावर सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक अम्लाचा एक थेंब टाकावा. मॅलॅकाइट कार्बोनेट असल्याने फसफसते व थेंब हिरवा होतो. क्रायसोकोला, ब्रोकँटाइट व अटाकामाइट ही तांब्याचीच इतर हिरवी खनिजे फसफसत नाहीत. फसगत होते ती कॅल्साइटमुळे : क्रायसोकोलाच्या भेगांत ते असले की फेस त्याचाच येतो आणि नमुन्यावर मॅलॅकाइटची चिठ्ठी लागते. फेस नेमका हिरव्या कणातून येतो का, हे भिंगातून पाहावे.

तोच द्राव काचपट्टीवर घेऊन त्यात अमोनिया घातल्यास तांबे गडद निळा रंग देते. निकेलही निळसर छटा देते, पण फिकी. शंका उरली तर घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा अम्ल द्रावात बुडवावा. तांबे असल्यास त्यावर लालसर थर चढतो, निकेलने चढत नाही.

वजनाचा फरक हातालाही जाणवतो. नमुना दोऱ्याने टांगून हवेत व पाण्यात तोलावा. हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. ४० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ३० ग्रॅम भरला तर ते ४, म्हणजे मॅलॅकाइटच्या पट्ट्यात (३.६–४.०५). क्रायसोकोला २ ते २.४ च्या आसपास राहते, व सच्छिद्र असल्यास जिभेला चिकटते. सच्छिद्र तुकडा आधी भिजवून बुडबुडे जाऊ द्यावेत, नाहीतर आकडा कमी येतो. मॅलॅकाइटला क्वार्ट्‌झ चिकटलेला असला तरीही आकडा कमी येतो.

ब्रोकँटाइट मात्र वजनाने (३.९७) व कठिनतेने (मोस मापावर ३.५–४) मॅलॅकाइटशी जुळते, कसही (घासल्यावर उमटणारी रेघ) फिकट हिरवाच. ते सल्फेट असल्याने अम्लात विरघळवून बेरियम क्लोराइड घालावे, पांढरा साका बसतो. अटाकामाइट क्लोराइड आहे. ते कोरड्या, खारट प्रदेशात आढळते.

एपिडोट हे तांबे नसलेले हिरवे खनिज (कठिनता ६–७) चाकूला दाद देत नाही. फुक्साइटचे लवचीक पापुद्रे सुईने सुटतात. तेथे अम्ल वाया घालवू नये.